पण तिथे खाण्याची सोय काय?

(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



स्मरणिकेच्या संपादकांनी मला सांगितले की, मेळाव्यात जे बोललात ते तसेच लिहून द्या, कारण निम्मे पालक त्या दिवशी येऊ शकले नव्हते. म्हणून हे लिहीत आहे. आपण असे समजा की मी सभागृहात नसून आपल्या घरच्या ओट्यावर बसलो आहे आणि चहा यायला अजून वेळ आहे.

दर वर्षी या मेळाव्यात शिष्यवृत्ती, दहावीचा निकाल, मुलींची गळती यांवर भाषणे होतात आणि ती झालीच पाहिजेत. या वर्षी मी अध्यक्षांकडे सुट्टीवर बोलण्याची परवानगी मागितली तेव्हा ते हसले. पस्तीस वर्षे खडू घासलेल्या मास्तराला आता सुट्टी आठवली, असा त्या हसण्याचा अर्थ असावा. परंतु माझा विषय सुट्टीच आहे. चार डबे बरोबर घेऊन, लेकीबाळींसह, दोन दिवस डोंगरावर जावे, सावकाश चालावे, पोटभर खावे आणि परत यावे, एवढाच.

या विषयाचे निमित्त फार दूरचे आहे. माझा एक जुना विद्यार्थी फिनलंडमध्ये, हेलसिंकी शहरात नोकरी करतो. मूळचा अकोल्याचा. ईदच्या दिवशी त्याचा फोन येतो. डिसेंबरात तिथला दिवस जेमतेम सहा तासांचा आणि जूनमध्ये सूर्य रात्री साडेदहानंतर मावळतो, हे मी त्याला नववीच्या वर्गात फळ्यावर गोल काढून शिकविले होते; आता तो मला ते खिडकीतून पाहून सांगतो. गेल्या ईदला तो म्हणाला, “सर, काल आम्ही जंगलात गेलो होतो. नूक्सिओ नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे, शहरातून बसने जाता येते. पोरांनी डबाभर निळी बोरे तोडली.” मी विचारले, “तोडू देतात?” तो म्हणाला, तिथे फार जुनी वहिवाट आहे. कोणाच्याही मालकीचे रान असो, माणसाने त्यातून पायी चालावे, बोरे आणि अळंबी वेचावी. फक्त कोणाच्या घरादाराला आणि शेताला उपद्रव देऊ नये. शेजारच्या नॉर्वेने तर १९५७ साली तसा कायदाच केला. रविवार आला की तिथले लोक, म्हातारेकोतारेसुद्धा, पिशवीत भाकरतुकडा घेऊन रानात चालायला निघतात. त्यांत बघण्याचे विशेष काही नसते. झाडे, तळे आणि पायवाट. चालणे हाच त्यांचा कार्यक्रम.

आता माझी लाज सांगतो. हे सगळे ऐकून मी त्याला पहिला प्रश्न कोणता विचारला असेल? “पण बेटा, तिथे खाण्याची सोय काय?”

तो मोठ्याने हसला. म्हणाला, सोय आहे. सोमाली, तुर्की, इराकी लोकांची दुकाने आहेत, तिथे हलाल मांस मिळते. मासळी मुबलक. राईची काळी पाव, उकडलेली अंडी, पनीर, बटाटे. फिनलंडमध्ये मुसलमान काही काल-परवा आलेले नाहीत. रशियातील निझनी नोव्हगोरोद भागातले तातार व्यापारी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे जाऊन स्थायिक झाले, १९२५ साली त्यांची जमात सरकारदरबारी नोंदली गेली आणि यार्वेनपा गावी त्यांनी बांधलेली लाकडी मशीद आजही उभी आहे. बर्फाच्या मुलखात शंभर वर्षांवर त्यांनी आपले खाणेपिणे सांभाळले आणि जंगलातही फिरले.

नंतर तो थोडा थांबला आणि म्हणाला, “सर, रागावू नका. माझ्या आपाला तुम्ही चिखलदऱ्याला नेले नव्हते. ती अजून गेलेली नाही.”

मंडळी, ती गोष्ट १९८४ सालची आहे. ज्या शाळेत मी तेव्हा भूगोल शिकवीत होतो, तिथे नववी-दहावीच्या मुलामुलींची चिखलदऱ्याची सहल ठरली. एक मुक्काम. सहलीचा प्रमुख मीच. मुलींनी हौसेने नावे दिली, काहींनी पैसेही भरले. दुसऱ्या दिवसापासून एकेक वालिद शाळेच्या दाराशी येऊ लागले. सगळ्यांचा प्रश्न एकच, “सर, तिथे खाण्याची सोय काय?” मी दोघा-तिघांना समजावले. चौथ्याला समजावण्याचा मला कंटाळा आला. मी वही उघडली, तांबड्या शाईने मुलींची सगळी नावे खोडली आणि समासात लिहिले : ‘भोजनाची सोय नसल्यामुळे रद्द’. मुले गेली. मुलांनी तिथे काय खाल्ले? घरून नेलेल्या पोळ्या आणि गावातली झुणका-भाकर. म्हणजे सोय होती. मुलींच्या वेळीच ती नव्हती.

खरे सांगायचे तर खाण्याची अडचण कोणाचीच नव्हती. पालकांना मुलींनी रात्र बाहेर काढावी हे नको होते आणि मला जबाबदारी नको होती. दोघांनाही एक सभ्य कारण हवे होते. हलाल-हराम हे आपल्यासाठी गंभीर प्रकरण आहे. म्हणूनच त्याची ढाल करणे मला आज अधिक वाईट वाटते. ज्या मुलीबद्दल तिचा भाऊ बोलला ती वर्गात पहिल्या बाकावर बसे. गाविलगडची डोंगररांग, तिच्या दक्षिणेचे पाणी पूर्णेला, उत्तरेचे पाणी सिपना, गडगा, खापरा या नद्यांतून तापीला, आणि पुढे पूर्णाही चांगदेवजवळ तापीलाच मिळते, हे तिने परीक्षेत आकृतीसह लिहिले होते. पैकीच्या पैकी गुण मी दिले. डोंगर मात्र दाखविला नाही. तिचे लग्न अंजनगाव-सुर्जीला झाले. तिच्या घराच्या गच्चीवरून उत्तरेला सातपुडा दिसतो. आज ती पंचावन्न वर्षांची आहे. म्हणजे कितीतरी वर्षे ती वाळवणे घालताना तो डोंगर पाहत आहे.

आपल्या कुटुंबांकडे जरा प्रामाणिकपणे पाहा. आपल्या घरातली बाई गावाबाहेर कधी पडते? लग्नाला, मयतीला, बाळंतपणाला, एखाद्या उरुसाला आणि नागपूरच्या दवाखान्याला. नशीब असेल तर उमरा किंवा हज. यांपैकी एकाही प्रवासात ती स्वस्थ बसलेली नसते. लग्नात ती देगीजवळ असते, दवाखान्यात खाटेजवळ. कोणाची चाकरी नाही आणि कसली घाई नाही असे दोन दिवस तिच्या वाट्याला येत नाहीत. कुरआन शरीफमध्ये जमिनीवर फिरा आणि पाहा, अशा अर्थाची ताकीद एकाहून अधिक ठिकाणी आली आहे. ती केवळ पुरुषांना उद्देशून आहे असे मी तरी कोणा आलिमाकडून ऐकलेले नाही.

खाण्याच्या प्रश्नावरून एक किस्सा सांगतो. विद्यार्थ्यांनी तो नीट ऐकावा. मुंबईत खेतवाडीत, मामाच्या घरी वाढणारा एक पोरका मुलगा होता. जन्म १२ नोव्हेंबर १८९६. खेळण्याच्या बंदुकीने चिमण्या मारण्याचा त्याला नाद. त्या चिमण्या घरात शिजवून खात. एक दिवस त्याने मारलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. मुलाला शंका आली की हा पक्षी वेगळा आहे. तो आपल्याला चालतो की नाही? उगाच गुन्हा नको म्हणून तो चिमणी घेऊन मामांकडे, अमीरुद्दीन तय्यबजींकडे गेला. मामांनाही ओळखता येईना. त्यांनी चिठ्ठी देऊन त्याला मुंबईच्या नॅचरल हिस्ट्री सोसायटीत मिलार्ड नावाच्या साहेबाकडे पाठविले. साहेबाने पक्षी ओळखून दिला आणि कपाटे उघडून पेंढा भरलेले शेकडो पक्षी दाखविले. मुलगा ते पाहून हरखला, तो आयुष्यभर. तेच डॉ. सलीम अली. १९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक निघाले, १९७६ साली पद्मविभूषण मिळाले, १९८७ साली ते वारले.

‘हे आपल्याला चालते का?’ हाच त्यांचाही प्रश्न होता. पण मामांनी त्यावर नाव खोडले नाही, चिठ्ठी दिली. मी १९८४ साली त्या मामांच्या जागी होतो.

आता कामाचे बोलू. चिखलदऱ्याला जावयाचे तर खाण्याचे काय, हे मी सविस्तरच सांगतो, म्हणजे हा प्रश्न पुन्हा कोणी विचारू नये.

अमरावतीहून परतवाडा सुमारे पन्नास किलोमीटर आणि तेथून घाटाचा रस्ता तीसेक किलोमीटर. सकाळी सहाला निघाले तर नाश्त्याच्या वेळेला आपण वर असतो. पहिल्या दिवसाचे दुपारचे जेवण घरचे न्यावे. मेथीचे पराठे, बटाट्याची सुकी भाजी, उकडलेली अंडी, लिंबाचे लोणचे आणि गोड म्हणून खजूर. कीमा नेण्याचा मोह पुष्कळांना होतो. थंडीत, रस्सा न ठेवता कोरडा परतून नेला तर दुपारपर्यंत राहतो. पण आपल्या वऱ्हाडच्या उन्हाळ्यात तो नेऊ नये, वास लागतो आणि घाटात पोटही बिघडते. दोन दिवस मांसाशिवाय जात नाहीत अशी काही मंडळी असतात. त्यांनी अचलपूर-परतवाड्याला आपल्या माणसाकडून घ्यावे आणि मुक्कामी चूल मिळणार असेल तर शिजवावे. चूल मिळेल का, हे आधी विचारून ठेवावे.

वर गावात झुणका-भाकर, ठेचा, वरण-भात, पोहे, रबडी सहज मिळते. ज्वारीच्या भाकरीला आणि हिरव्या मिरचीच्या ठेच्याला कोणाच्या फतव्याची गरज नाही. शाकाहारी जेवण देणाऱ्याकडे मुकाट्याने जेवावे. जिथे मांसही शिजते तिथे दोन गोष्टी विचाराव्यात : मांस कोणाकडून येते आणि भाजीचे भांडे-तेल वेगळे असते का. उत्तर मनास न पटल्यास दुसरीकडे जावे. मात्र विचारताना आवाज असा असावा की, आपण पाहुणे आहोत, फौजदार नव्हे. मागे मी आणि माझी पत्नी गेलो असताना एका झुणका-भाकरीच्या टपरीवर ती संकोचून उभी राहिली. टपरीवाल्या बाईने बुरखा पाहिला, क्षणभर विचार केला आणि म्हणाली, “माह्याकडं तं अंडंबी शिजत नाही बाई, बिनघोर जेवा.” त्यानंतर दोघींचे भाकरी थापण्यावरून असे जमले की माझे जेवण आटोपून मी अर्धा तास बाहेर झाडाखाली बसलो होतो.

एक ताकीद. मेळघाटच्या रानात हाडे, खरकटे, प्लास्टिकच्या पिशव्या टाकू नयेत. बिबट्या आणि अस्वल यांना माणसांच्या मुक्कामाची सवय लागणे माणसाला बरे नाही आणि त्यांनाही नाही. डबा उघडा ठेवून फोटो काढीत बसाल तर माकडे डबा नेतील, आणि त्याची भरपाई संस्था देणार नाही.

नमाजची अडचण कोणी सांगतात. बाटलीभर पाणी आणि एक चटई एवढीच ती अडचण. आमच्या घरात मात्र यावरून एक जुना वाद आहे. हनफी हिशेबाने प्रवासाचे अंतर सुमारे सत्त्याहत्तर किलोमीटर धरतात. म्हणजे अमरावतीकराने चिखलदऱ्याला चारच्या जागी दोन रकात पढावयाच्या आणि शेजारी उभ्या असलेल्या अचलपूरच्या साडूने पूर्ण चार. माझे साडू याला अन्याय म्हणतात. मी भूगोलाचा मास्तर, अंतर मोजून देईन. पुढचे आपल्या मौलानांना विचारावे.

आता तिथे करावयाचे काय? पुष्कळ लोक पावसाळ्यात शनिवार-रविवारी जीप करून जातात. देवी पॉइंट, भीमकुंड, पंचबोल, मोझरी, दहा ठिकाणी दहा-दहा मिनिटे, प्रत्येक ठिकाणी भुट्टा, घाटात गाड्यांची रांग आणि रात्री घरी. दुसऱ्या दिवशी विचारले तर त्यांना रांगच आठवते. माझे म्हणणे असे की पाऊस संपल्यावर, दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत केव्हाही जावे आणि दोन दिवसांत दोनच गोष्टी कराव्यात.

पहिली गोष्ट पहाटेचे चालणे. चिखलदरा अकराशे मीटरांवर आहे. अकोल्याच्या भट्टीतल्या माणसाला तिथली जानेवारीची पहाट सोसवत नाही, म्हणून स्वेटर, कानटोपी आणि जुने, पायाला सरावलेले बूट घ्यावेत. नवे बूट घेऊ नयेत. इंग्रजांच्या हैदराबाद फौजेतील कॅप्टन रॉबिन्सन याने १८२३ साली ही जागा हेरली आणि पुढे इंग्रजांनी इथे कॉफी लावली. तिची झुडपे आजही आहेत. मुलांना पानांवरून कॉफी ओळखायला सांगा. गावाच्या आसपासच्या रस्त्यांवर चालावे. मुद्दाम सांगतो, आतल्या जंगलात मनाला येईल तिकडे शिरू नये. हे फिनलंड नव्हे. १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होते. आत जावयाचे तर वनखात्याच्या परवानगीने आणि त्यांच्या माणसाबरोबर. तो माणूस बहुधा कोरकू असतो आणि मला चाळीस वर्षांत जे कळले नाही ते त्याला एका पावलाच्या ठशावरून कळते. मुलांनी त्याला प्रश्न विचारावेत. रानपिंगळा नावाचे घुबड १८८४ नंतर कोणाला दिसलेच नव्हते. ते नामशेष झाले असे धरून चालले होते. १९९७ साली ते शहाद्याकडे पुन्हा सापडले आणि नंतर मेळघाटातही. शंभराहून अधिक वर्षे तो पक्षी आपल्या डोंगरात बसून होता, कोणी पाहायला गेले नव्हते.

दुसरी गोष्ट गाविलगड. हा किल्ला गावापासून चालत जाण्याजोगा आहे आणि त्याला पूर्ण सकाळ द्यावी. नाव गवळ्यांवरून पडले. त्यांचा मातीचा कोट तिथे आधी होता असे सांगतात. दगडी किल्ला अहमदशहा वली बहामनीने १४२५च्या सुमारास बांधविला. पुढे बहामनी राज्य मोडकळीस आले तेव्हा वऱ्हाडचा सुभेदार फत्तेउल्ला इमाद-उल-मुल्क याने १४९० साली एलिचपूरला, म्हणजे आपल्या अचलपूरला, इमादशाही स्थापन केली. हा फत्तेउल्ला कोण? फरिश्ता या इतिहासकाराने लिहिले आहे की तो मूळचा विजयनगरकडच्या ब्राह्मणाचा मुलगा, लढाईत लहानपणी पकडला गेलेला. गडाच्या दरवाजावर सिंह कोरलेले आहेत आणि पंजांत हत्ती धरलेला दोन तोंडांचा पक्षी आहे, गंडभेरुंड. दक्षिणेतले हे चिन्ह सातपुड्याच्या कड्यावर कसे आले, हे मुलांना तिथे उभे करून विचारा. वर्गात विचारू नका. आत मोठी मशीद आहे, कमानी उभ्या आहेत, गवत वाढले आहे. १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजांनी भोसल्यांकडून हा गड घेतला. तेव्हा किल्लेदार राजपूत होता, बेनीसिंग, आणि तो लढता लढता पडला. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. पुढे १८५८ साली, तात्या टोप्यांच्या हाती लागू नये म्हणून इंग्रजांनी त्याची तटबंदी मोडली.

हा इतिहास मी भाषणासाठी सांगत नाही. आपली मुले टीव्हीवर, मोबाइलवर किल्ल्यांबद्दल पुष्कळ ऐकतात आणि बहुतेक वेळा मान खाली घालून किंवा मुठी आवळून ऐकतात. गाविलगडावर उभे राहून ज्याला कळले की गवळ्याची जागा, बहामनींचा तट, ब्राह्मणाघरी जन्मलेल्या सुलतानाचे कोरीव काम आणि भोसल्यांचा राजपूत किल्लेदार हे सगळे एकाच भिंतीत आहे, त्याला कोणाशी भांडण्याआधी थोडा विचार करावा लागतो. निदान माझा तसा अनुभव आहे. सहलीत न्यायला हे एक कारण पुरेसे आहे.

अकोलेकर मंडळी म्हणतील की सगळे अमरावतीचेच चालले आहे. तुमच्या जिल्ह्यात नरनाळा आहे आणि तो एका दिवसात होतो. अकोटहून पुढे शहानूर गाव, तिथे वनखात्याची चौकी, परवानगी काढावयाची आणि वर जावयाचे. महाकाली दरवाजा पाहताना घाई करू नये. त्यावरचा लेख १४८७ सालचा आहे आणि दरवाजा त्याच फत्तेउल्लाने, स्वतः सुलतान होण्याच्या तीन वर्षे आधी, बांधविला आहे. दगडातली अक्षरे उर्दू शिकणाऱ्या मुलांनी लावून पाहावीत. पुष्कळशी लागणार नाहीत, पण जे एक-दोन शब्द लागतील ते ती विसरणार नाहीत. गडावर जुनी पाण्याची टाकी आहेत. खारपाणपट्ट्यात जन्मलेल्या आपल्या मुलांना, ज्यांच्या गावच्या विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही, डोंगरातले गोडे पाणी कोठे साठते हे इथे दिसते. शहानूर नदीवर खाली धरण आहे आणि अंजनगाव-दर्यापूरकडच्या गावांचे पिण्याचे पाणी त्या धरणातून जाते. नळ उघडताना हे ठाऊक असलेले बरे.

पूर्वी मुर्तिजापूरहून अचलपूरला लहान गाडी होती, शकुंतला. मी तिने पुष्कळ फिरलो आहे. ती इतकी सावकाश चाले की आमच्या सुट्टीची निम्मी विश्रांती गाडीतच होई. आता ती बंद आहे आणि रूळ गवतात आहेत. त्यामुळे बस करावी लागते, खर्च वाढतो. खर्चाचे बोलणे मी टाळणार नाही. आपल्यातल्या पुष्कळांचे हातावर पोट आहे. त्यासाठी संस्थेने असे ठरविले आहे की, ज्या घरून मुलगी आणि तिची आई अशा दोघी येतील त्या घराकडून एकाच माणसाचे पैसे घ्यावेत. बाकीचे आम्ही जुन्या विद्यार्थ्यांकडून जमवू. हेलसिंकीकराने पहिली रक्कम पाठविली आहे.

मुलींच्या रात्रीच्या मुक्कामाची काळजी ज्या पालकांना वाटते, त्यांना मी या वेळी हसणार नाही आणि समजावण्याचा कंटाळाही करणार नाही. काळजी खरी आहे. म्हणून आया बरोबर येत आहेत, शिक्षिका चार आहेत, राहण्याची जागा मुलींची आणि बायांची स्वतंत्र घेतली आहे. मी स्वतः आधी जाऊन दरवाजांच्या कड्या पाहून आलो आहे. एक कडी सैल होती, ती बदलून घेतली. ज्याला आणखी काही पाहावयाचे असेल त्याने माझ्याबरोबर येऊन पाहावे, चहा माझ्याकडे. परंतु पाहून झाल्यावर ‘नाही’ म्हणावयाचे असेल तर खरे कारण सांगावे. खाण्याचे कारण सांगू नये.

तर जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी दोन बसेस निघतील. एक अमरावतीहून सकाळी सहाला, शाळेच्या फाटकापासून. दुसरी अकोल्याहून साडेपाचला, ती अकोट आणि अंजनगावमार्गे येईल. दोन्ही परतवाड्याला भेटतील. प्रत्येकाने ताट, पेला, पाण्याची बाटली, चादर आणि एक वही आणावी. मुलांनी वहीत पाहिलेल्या झाडांची आणि पक्ष्यांची नावे लिहावयाची आहेत. ज्यांची नावे ठाऊक नसतील त्यांचे रंग लिहावेत. मोबाइल आणण्यास बंदी नाही, वर तो बहुतेक ठिकाणी लागत नाही.

अंजनगावला बस पाच मिनिटे थांबेल. मेळाव्याच्या आठवडाभर आधी मी तिथे जाऊन आलो. माझी ती विद्यार्थिनी दारातच उभी होती. मी १९८४ सालच्या वहीचे सांगू लागलो तर तिने ऐकून घेतले नाही. “सर, आधी बसा,” म्हणाली. मग तिने विचारले की बसमध्ये एकूण माणसे किती. मी आकडा सांगितला. तिने सुनेला हाक मारली आणि दोघींनी माझ्यासमोरच पराठ्यांच्या पिठाचा हिशेब केला. अकोल्याच्या बसमधील मंडळींनी त्या दिवशी दुपारचा डबा आणू नये.